'लवकर खचते' ही ओळ लिहिण्याआधी

प्रति,
महाराष्ट्रातल्या प्राथमिक शाळांमधले सर्व शिक्षक बंधू-भगिनी

सप्रेम नमस्कार.

एप्रिल संपत आला की शाळेच्या कपाटातून प्रगतीपत्रकांचा गठ्ठा बाहेर येतो. गुणांची बेरीज होते, श्रेणी भरून होतात आणि शेवटी उरतात त्या वर्णनात्मक नोंदी. विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक. चाळीस मुलं, प्रत्येकाचे तीन रकाने, आणि निकालाची तारीख डोक्यावर. मी ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयानं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, तेव्हापासून निवृत्तीपर्यंत दर वर्षी या नोंदी लिहिल्या. म्हणून तुमची घाई मला ठाऊक आहे. नोंदींच्या छापील पुस्तिका आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या पीडीएफही ठाऊक आहेत. मीही त्यांतून वाक्यं उचलली आहेत.

त्यांतल्या एकाच वाक्याविषयी मला बोलायचं आहे. 'अपयश आल्यास लवकर खचते.' किंवा त्याचं उलट रूप, 'अपयशाने खचून जात नाही.' ही दोन वाक्यं आपण मुलांच्या नावापुढे फार सहज लिहितो. मीही तशी लिहिली, आणि त्यातल्या निदान दोन वेळा माझं साफ चुकलं.

पहिली गोष्ट चौथीच्या वर्गातली. आकारिक मूल्यमापनाची, म्हणजे वर्षभर शिकवता शिकवता होणाऱ्या मूल्यमापनाची, छोटी चाचणी होती, भागाकाराची. दहा गणितं. ६१२ भागिले ६ हे त्यातलं एक. चौथीला शिकवलेल्या प्रत्येकाला इथला खड्डा माहीत असतो. सहा एके सहा झालं, एक खाली घेतला, एकाला सहाचा भाग जात नाही, म्हणून दोनही खाली घेतला, सहा दुणे बारा. उत्तर १२. मधला शून्य गायब. या मुलीनं दहापैकी सहा गणितांत शून्य गाळला होता. मी सहा लाल फुल्या मारल्या, वर दहापैकी चार लिहिले आणि पेपर वाटले. तिनं पेपर पाहिला, चार घड्या घातल्या, दप्तरात टाकला आणि गुडघ्यांत डोकं घालून रडायला लागली. हुंदके देऊन. शेजारच्या दोघी-तिघी तिच्याकडे बघत बसल्या. मी म्हटलं, अगं, एवढ्याशा चाचणीसाठी कुणी रडतं का? आणि पुढचा धडा उघडला.

त्या संध्याकाळी माझ्या नोंदवहीत तिच्या नावापुढे मी 'हळवी, लवकर खचते' असं लिहिलं. एप्रिलमध्ये ते प्रगतीपत्रकात उतरलं, 'सुधारणा आवश्यक' या रकान्यात.

मे महिन्यात वर्ग आवरताना फळीवर मुलांच्या राहिलेल्या कच्च्या वह्या सापडल्या. रद्दीत घालण्याआधी चाळल्या. एक तिची होती. चाचणीच्याच तारखेचं पान होतं. पहिलं गणित तिच्या मैत्रिणीच्या अक्षरात, शून्याभोवती गोल काढलेला. त्याखाली तिच्या अक्षरात चार पानं भागाकार. ८१६ भागिले ८. ५२० भागिले ५. ९२७ भागिले ९. प्रत्येकाच्या बाजूला गुणाकार करून ताळा. तिसऱ्या पानावर एकदा पुन्हा शून्य गाळला होता, तो तिनं ताळा जुळेना म्हणून स्वतःच शोधला होता. खोडलेलं दिसत होतं.

म्हणजे त्या दिवशी मी धडा वाचत होते तेव्हा, किंवा मधल्या सुट्टीत, ती रडून झाल्यावर उठली, मैत्रिणीला विचारायला गेली आणि कामाला लागली. माझ्या वर्गात, माझ्यापासून दहा-बारा फुटांवर. मी पाहिलं ते फक्त रडणं.

प्रगतीपत्रक तोवर घरी गेलं होतं. पुढच्या वर्षी पाचवीच्या शिष्यवृत्तीच्या जादा तासाच्या यादीत तिचं नाव दिसलं नाही, म्हणून मी वर्गशिक्षकांना विचारलं. ते म्हणाले, "बाई, तुम्हीच लिहिलंय ना, खचते म्हणून. उगाच ताण कशाला द्यायचा पोरीला?" त्यांनी काळजीपोटीच केलं होतं. मी त्यांना ती वही दाखवली. तोवर अर्धं सत्र गेलं होतं.

आपल्या स्टाफरूममध्ये मुलांसाठी किती शब्द आहेत बघा. रडूबाई. हळवी. मनाला लावून घेते. भित्रा. निगरगट्ट. कोडगा. 'त्याला कशाचंच काही नाही.' हे सगळे शब्द पेपर हातात पडल्यानंतरच्या पहिल्या मिनिटाचे आहेत. त्या मिनिटात मुलाचा चेहरा जे करतो त्यावरून आपण मुलाचा स्वभाव ठरवतो. रडलं तर कमकुवत, हसलं तर निर्लज्ज, गप्प राहिलं तर खंबीर. पण मूल सावरलं की नाही हे त्या मिनिटात कळणारच नसतं. सावरणं ही नंतर घडणारी गोष्ट आहे. मधल्या सुट्टीत, दुसऱ्या दिवशी, पुढच्या आठवड्यात.

आता दुसरी गोष्ट. ती सांगताना मला अजूनही जड जातं.

तेव्हा मी पाथर्डी तालुक्यातल्या एका गावात होते. दसरा-दिवाळीच्या सुमाराला गावातली निम्मी घरं बंद होतात, बिऱ्हाडं ऊसतोडीला कारखान्यांवर जातात. काही मुलं आईबापाबरोबर जातात, काही आजी-आजोबांपाशी मागे राहतात. हा मुलगा मागे राहिलेला. आजीला नीट दिसत नव्हतं. पहाटे हापशावरून पाणी आणायचं, शेळ्या सोडायच्या, आजीला भाकरी थापायला मदत करायची, मग शाळा. दहा वर्षांचं पोर. कधी तक्रार नाही, कधी डोळ्यांत पाणी नाही. आम्ही सगळे त्याचं कौतुक करायचो. मी त्याच्या प्रगतीपत्रकात लिहिलं, 'प्रतिकूल परिस्थितीतही खंबीर राहतो.' लिहिताना मला अभिमान वाटला होता.

वर्षअखेरीला हजेरीची बेरीज करत होते. शेजारी गुणांची नोंदवही उघडी होती. सहज तारखा जुळवल्या आणि थबकले. वर्षभरात घेतलेल्या चाचण्यांपैकी तीन सोडून प्रत्येक चाचणीच्या दिवशी तो गैरहजर होता. इतर दिवशी हजेरी उत्तम. मी समजत होते शेळ्या, आजीचं दुखणं, बाजार. दुसऱ्या दिवशी त्याला बाजूला घेऊन विचारलं. बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिला. मग म्हणाला, "बाई, माझं नाव शेवटाला येतं."

माझी एक सवय होती. चाचणीचे गुण मी वर्गात मोठ्यानं वाचायची, जास्तीकडून कमीकडे. वरच्यांना शाबासकी मिळावी एवढाच हेतू. पण ज्याचं नाव दर वेळी शेवटी यायचं, त्याला पहिल्या नावापासून चाळिसाव्यापर्यंत वाट बघत बसावं लागायचं, आणि तोवर सगळा वर्ग त्याच्याकडे वळलेला असायचा. दिवाळीपासून आईवडिलांविना राहणारं ते पोर एवढं मात्र सहन करू शकत नव्हतं. आणि मी त्याला खंबीर म्हणत होते.

हे मला नीट उमगलं निवृत्तीनंतर. माझी भाची एम.एड. करते. तिच्या अभ्यासाच्या निमित्तानं काही वाचायला मिळालं. ऑस्ट्रेलियातले अँड्र्यू मार्टिन आणि हर्बर्ट मार्श या दोन अभ्यासकांनी २००८ मध्ये एक फरक स्पष्ट मांडला. गरिबी, आजारपण, घर तुटणं अशा मोठ्या संकटांतून तरून जाणं ही एक गोष्ट. आणि शाळेतले रोजचे धक्के, म्हणजे कमी गुण, न कळलेलं गणित, परीक्षेची धास्ती, वेळेत न झालेला गृहपाठ, यांतून पुन्हा वर येणं ही दुसरी गोष्ट. या दुसऱ्या गुणाला त्यांनी 'अकॅडमिक बॉयन्सी' असं नाव दिलं, ते पाण्यात दाबलेली वस्तू वर येते त्यावरून. विज्ञानाच्या तासाला आपण प्लावक बल शिकवतो, तेच. लाकूड हाताखाली दाबलं आणि सोडलं की वर येतं. किती खोल दाबलं गेलं यापेक्षा सोडल्यावर काय होतं हे पाहायचं.

या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या की आपला अंदाज चुकतो, आणि तो गरिबाच्या पोरांच्या बाबतीत सगळ्यांत जास्त चुकतो. 'त्यांना सवय असते' हे वाक्य आपण किती वेळा ऐकलं आहे! वस्तीवरचं पोर आहे, घरी मार खातं, त्याला इथे रागावलं तर काय होतंय. ज्यानं घराचं ओझं उचललं त्याला दहापैकी दोन गुणांचं ओझं वाटत नाही, असं आपण धरून चालतो. आणि उलट बाजूनं, शिकलेल्या घरातल्या, नीटनेटक्या मुलीला डोळ्यांत पाणी आलं तर तिला जपतो. म्हणजे एकाला मदत मिळत नाही आणि दुसरीला अवघड काम मिळत नाही. नुकसान दोघांचं.

मार्टिन-मार्श यांनी हा गुण मोजला तो मुलांनाच विचारून. अभ्यासातल्या धक्क्यांतून मी सावरतो का, एखाद्या वाईट निकालानं माझा आत्मविश्वास डळमळतो का, अशा थोड्या सरळ प्रश्नांनी. यात शिक्षकाचा अपमान नाही. आपण गुणांचा अंदाज बऱ्यापैकी बांधतो. २०१२ मध्ये जर्मन अभ्यासकांनी ७५ अभ्यास एकत्र करून पाहिलं तर शिक्षकाचा अंदाज आणि मुलाची चाचणीतली कामगिरी यांचा सहसंबंध सरासरी ०.६३ निघाला. १ म्हणजे तंतोतंत मेळ, तेव्हा हा आकडा वाईट नाही. पण मुलाला काय वाटतं, त्याची भीती, त्याची उमेद, इथे शिक्षकाचं मत आणि मुलाचं स्वतःचं सांगणं यांचा मेळ पुष्कळ कमी बसतो. कारण त्या गोष्टी आपल्याला दिसत नाहीत, मग आपण जे दिसतं त्यावरून भरून काढतो. आणि सगळ्यांत ठळक दिसतात ते गुण.

एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञानं १९२० मध्येच हे दाखवलं होतं. लष्करातल्या वरिष्ठांनी हाताखालच्या अधिकाऱ्यांना दिलेले शेरे त्यानं तपासले. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य, सगळे वेगवेगळे रकाने, पण एकात वरचा शेरा मिळाला की बाकीच्यांतही वरचाच. आपल्या प्रगतीपत्रकात काय होतं ते आठवा. ज्याला अ-१ श्रेणी, त्याच्यापुढे 'आत्मविश्वासाने प्रत्येक प्रसंगाला सामोरा जातो' हे आपोआप येतं. माझ्या एका विद्यार्थ्याला मी सलग दोन वर्षं हेच लिहिलं. पहिलीपासून त्यानं पहिला क्रमांक सोडला नव्हता, मग तो सामोरा कशाला गेला होता? नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेच्या निवड यादीत नाव आलं नाही तेव्हा त्या पोरानं कितीतरी दिवस घरात कुणाशी धड बोलणं केलं नाही, आणि त्याचे वडील मला विचारत होते, बाई, हा असा का झाला? माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो कधी बुडालाच नव्हता, म्हणून तरंगतो की नाही हे कुणालाच माहीत नव्हतं, त्यालाही नाही.

मग पाहायचं तरी काय, असं तुम्ही विचाराल. यासाठी नवा तक्ता, नवं रजिस्टर नको. आधीच पुष्कळ आहेत. आकारिक मूल्यमापनाच्या आठ साधनतंत्रांत पहिलं आहे दैनंदिन निरीक्षण, आणि या कामाला तेच साधन लागतं. फक्त ते निरीक्षण निकालाच्या दिवशी करू नका, दुसऱ्या दिवशी करा. चुकलेलं गणित मूल पुन्हा उघडतं का? कुणाला विचारायला जातं, मैत्रिणीला, तुम्हाला, की कुणालाच नाही? वहीतलं पान फाडलेलं आहे का? (फाडलेल्या पानाची कड शिलाईपाशी राहते, ती बघा.) चाचणीच्या दिवशी पोट दुखतं का? हजेरीपट आणि गुणांची वही शेजारी शेजारी ठेवा, वर्षातून दोनदा, अर्धा तास. मला जे वर्षअखेरीला कळलं ते ऑक्टोबरात कळलं असतं तर त्या मुलाचं एक सत्र वाचलं असतं.

आणि मुलाला विचारा. सगळ्यांसमोर नको. "काल पेपर मिळाल्यावर घरी जाऊन काय केलंस?" एवढंच. चौथीचं पोर याचं उत्तर फार प्रामाणिकपणे देतं. 'तुला वाईट वाटलं का?' असं विचारलं तर ते आपल्याला हवं ते उत्तर देईल. 'काय केलंस' याचं उत्तर मात्र खरं येतं.

तिसरी गोष्ट तुमच्या हातातली आहे, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. मूल धक्का कसा सोसतं हे तपासताना तो धक्का कुणी दिला तेही तपासा. उतरत्या क्रमानं गुण वाचणं, पेपर वाटताना वरचा आकडा सगळ्यांना दिसेल असा धरणं, 'याच्याकडून हीच अपेक्षा होती' असं म्हणणं. आपणच दाबून धरतो आणि वर का येत नाही म्हणून त्याच्या नावावर शेरा मारतो. मी त्या वर्षापासून गुण वाचणं बंद केलं. पेपर पालथा घालून बाकावर ठेवायची. पुढच्या वर्षी तो मुलगा दुसऱ्या वर्गात गेला होता. तिथे काय झालं हे मला तुम्हाला सांगता आलं असतं तर फार बरं वाटलं असतं.

तुमची अडचण मला कळते. दोनशिक्षकी शाळा, एका खोलीत दोन वर्ग, पोषण आहाराचा हिशोब, ऑनलाइन माहिती, निवडणुकीचं काम. चाळीस मुलांचा 'दुसरा दिवस' पाहायला वेळ कुठून आणायचा? सगळ्यांचा नाहीच पाहता येणार. म्हणून माझं मागणं त्याहून लहान आहे. ज्याचा दुसरा दिवस तुम्ही पाहिला नाही, त्याच्या नावापुढे खचण्या-न खचण्याविषयी काहीच लिहू नका. रकान्यात दुसरं काही लिहा. अक्षर लिहा, वाचन लिहा, गाणं लिहा. न पाहिलेल्या गोष्टीवरचा शेरा हा शेरा राहत नाही. पुढचे शिक्षक तो वाचतात, आईबाप वाचतात, आणि थोडं मोठं झालं की मूल स्वतः वाचतं.

ही निकड आज वाढली आहे. राज्यानं २०२३ मध्ये नियम बदलून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली. त्यात नापास झालेल्या मुलाला पुनर्परीक्षा द्यावी लागते, तीही नाही जमली तर त्याच वर्गात बसावं लागतं. म्हणजे दहा-अकरा वर्षांच्या मुलाला खराखुरा 'नापास' हा शब्द आता शाळेत भेटणार. निकाल आणि पुनर्परीक्षा यांच्यामधल्या दिवसांत कुणाला हात द्यायचा हे तुम्हाला ठरवावं लागणार, आणि त्या वेळी समोर असेल ती तुमचीच किंवा तुमच्या आधीच्या शिक्षकाची एक ओळ. ती 'कोडगा, फरक पडत नाही' अशी असेल तर त्या पोराकडे कोण वळणार?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये समग्र प्रगती पत्रकाची कल्पना आहे. त्यात शिक्षकाबरोबर मुलानं स्वतःचं आणि सोबत्यांनी एकमेकांचं मूल्यमापन करायचं आहे. माझी कळकळीची विनंती आहे, मुलानं भरायचं ते पान आपण भरू नका. हसऱ्या चेहऱ्यावर सगळ्यांना सरसकट खूण करायला लावू नका. आजवर जे आपण चेहऱ्यावरून ताडत आलो ते मूल स्वतः सांगणार आहे, आणि वर्गातल्या मैत्रिणीला ते आपल्याआधी कळलेलं असतं. माझ्या चौथीच्या वर्गात ते कळलं होतं शून्याभोवती गोल काढणाऱ्या पोरीला.

ती कच्ची वही मी रद्दीत घातली नाही. अजून माझ्या कपाटात आहे. परवा ती काढून बसले आणि त्या वर्षीची नोंद आज लिहायची असती तर काय लिहिलं असतं, ते एका कागदावर लिहून पाहिलं. रकान्यात मावेल एवढंच आहे:

'भागाकारात मधला शून्य गाळते. चाचणीत चार गुण मिळाले तेव्हा रडली. त्याच दिवशी मैत्रिणीला विचारून चार पानं सराव केला, ताळा करून स्वतःची चूक स्वतः शोधली. शिष्यवृत्तीच्या तासाला जरूर घ्यावे.'

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका